संत जोसेफ वाझ : उपवासकाळातील दानधर्माचा वस्तुपाठ

भस्म बुधवारी धर्मगुरू आपल्या कपाळावर राख लावतात आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळास प्रारंभ होतो. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे वाचन होते. प्रभू येशू तेथे आपल्या शिष्यांना तीन गोष्टींविषयी शिकवण देतो : दान, प्रार्थना आणि उपवास. या तिन्हींचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपण बहुधा उपवासापासून सुरुवात करतो, प्रार्थनेकडे वळतो आणि दानाचा विचार झावळ्यांच्या रविवारच्या आसपास, घाईघाईने करतो. प्रभूने मात्र दानाला पहिले स्थान दिले आहे.

ख्रिस्तसभेनेही या काळातील वाचनांची मांडणी त्याच दृष्टीने केली आहे. भस्म बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचे वाचन होते. भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे आणि बेघराला आसरा देणे हाच देवाला प्रिय असलेला उपवास होय, असे संदेष्टा सांगतो. पहिल्या आठवड्यातील सोमवारी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाचा प्रसंग वाचला जातो. भुकेले, तहानलेले, परके, उघडे, आजारी आणि बंदिवान यांच्या रूपाने आपल्यासमोर कोण उभे होते, हे त्या दिवशी कळणार आहे.

ही वचने आपण दरवर्षी ऐकतो. ती जगावयाची कशी, हे समजून घेण्यासाठी एखाद्या संताच्या चरित्राचा आधार घ्यावा लागतो. म्हणून या उपवासकाळात आम्ही आपल्या शेजारच्या भूमीत जन्मलेल्या एका धर्मगुरूचे जीवन वाचकांसमोर ठेवीत आहोत. ते म्हणजे श्रीलंकेचे प्रेषित म्हणून जगभर ओळखले जाणारे संत जोसेफ वाझ.

बाणावलीचा बालक

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील सासष्टी भागात, बाणावली या गावी त्यांच्या आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, तर आईचे नाव मारिया दे मिरांदा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. घराणे मूळचे ब्राह्मण, श्रद्धावान आणि समाजात मान असलेले होते.

तो काळ आपल्या किनाऱ्यावर मोठ्या उलाढालींचा होता. जोसेफ तेरा वर्षांचे असताना, १६६४ साली, छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. वेंगुर्ल्यास डच कंपनीची वखार होती. तिचे अवशेष आजही आपण पाहतो. गोव्यातील पोर्तुगीज आणि हे डच यांच्यात समुद्रावरील व्यापारासाठी वैर होते. दोघेही ख्रिस्ताचे नाव घेणारे, परंतु डच हे प्रोटेस्टंट पंथाचे असल्यामुळे त्यांच्या ताब्यातील मुलखांत कॅथोलिकांवर संकट येत असे. वेंगुर्ल्यास ज्या कंपनीचे निशाण फडकत होते, त्याच कंपनीच्या अमलाखालील एका बेटावर जोसेफ यांच्या आयुष्याचे सार्थक व्हावयाचे होते.

सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकून जोसेफ उच्च शिक्षणासाठी गोवा शहरात गेले. येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि नंतर डोमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्विनास विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायांतील पादत्राणे काढून टाकली आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. सांकवाळला त्यांनी धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी लेखी प्रतिज्ञा करून स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले. त्या काळी गुलामांची खरेदी-विक्री उघडपणे होत असे. अशा जगात एका प्रतिष्ठित घरच्या विद्वान तरुणाने दास हा शब्द स्वतःसाठी निवडावा, हे त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्रच म्हणावे लागेल.

कानडा मुलखातील सेवा

१६८१ साली त्यांना कानडा किनाऱ्यावरील मिशनकार्यासाठी पाठविण्यात आले. मंगळूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी या भागांत गोव्याहून स्थलांतर केलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. हा प्रदेश तेव्हा इक्केरीच्या नायक घराण्याच्या सत्तेखाली होता आणि गादीवर राणी चेन्नम्मा होत्या. याच राणीने पुढे १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांना संकटसमयी साहाय्य केले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच.

तेथील ख्रिस्ती समाज दोन धार्मिक अधिकारांच्या वादात सापडला होता. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील अधिकारी एकीकडे आणि रोमहून थेट नेमलेले बिशप दुसरीकडे. कोणाची आज्ञा मानावी, हा सामान्य भाविकांना प्रश्नच पडला होता. फादर वाझ यांनी या वादात कटुता येऊ दिली नाही. त्यांनी लोकांसाठी चर्चेस उभारली, शाळा काढल्या, भक्तिसंघ स्थापन केले आणि पायी प्रवास करून विखुरलेल्या कुटुंबांपर्यंत संस्कार पोहोचविले. १६८४ साली ते गोव्यास परतले.

जुन्या गोव्यात पवित्र क्रूसाच्या चमत्काराचे चर्च म्हणून प्रसिद्ध असलेल्या टेकडीवरील मंदिरात काही देशी धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगू लागले होते. त्या काळात युरोपीय धर्मसंघांचे दरवाजे देशी धर्मगुरूंना बंद असत. १६८५ साली फादर वाझ या समूहात सामील झाले आणि लवकरच त्याचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी संघाच्या नियमांवर आधारलेला हा समूह म्हणजे आपल्या भूमीतील धर्मगुरूंनी स्वतः उभा केलेला धर्मसंघ होय. त्यातही उणिवा होत्या. समाजातील जातीची बंधने त्याच्याही दारापर्यंत आली होती. परंतु त्या संघाच्या पहिल्या प्रमुखाने आपल्या आचरणाने ती बंधने कशी ओलांडली, हे पुढील कथेवरून दिसेल.

भिकाऱ्याच्या वेषात

सिलोन बेटावरील कॅथोलिकांची दुर्दशा फादर वाझ यांच्या कानी बऱ्याच वर्षांपासून येत होती. १६५८ साली जाफना जिंकून डचांनी पोर्तुगीजांना बेटावरून घालवून दिले होते. कॅथोलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती, चर्चेस काढून घेण्यात आली होती आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यालाही कडक शासन होत असे. जवळजवळ तीस वर्षे त्या भाविकांना मिस्सा नव्हता, पापनिवेदन नव्हते, मरणसमयी धर्मगुरू नव्हता.

१६८६ मध्ये फादर वाझ यांनी संघाचे प्रमुखपद सोडले आणि योहान नावाच्या एका सेवकाला सोबत घेऊन ते गोव्याहून निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस जात ते तुतिकोरीनला पोहोचले आणि १६८७ साली गरीब मजुराच्या वेषात समुद्र ओलांडून जाफन्याच्या भूमीवर उतरले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून ज्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटेल, तो आपला, अशी ती शोधण्याची रीत होती. विद्यालयात शिकविलेला, संघाचा प्रमुख राहिलेला हा धर्मगुरू परक्या गावात हात पसरून उभा राहत होता.

या प्रवासाने त्यांच्या शरीराचे हाल झाले. दोघांनाही तीव्र हगवण लागली. रोग पसरेल या भीतीने कोणी त्यांना घरात ठेवून घेईना. चरित्रकार सांगतात की गावाबाहेरच्या एका ओसाड झोपडीत ते दोघे मरणाची वाट पाहत पडले होते आणि एक गरीब स्त्री त्यांना पेज आणून देत असे. त्या पेजेवर ते जगले.

आपल्या मालवणी मुलखात पेज म्हणजे काय, हे सांगावयास नको. ते श्रीमंतीचे अन्न नव्हे. सकाळी शेतावर जाणारा, होडीवरून परतलेला, तापातून उठलेला माणूस पेज पितो. त्या स्त्रीने आपल्या भांड्यात जे होते, तेच त्यांना दिले. तिने दिलेले दान कोणत्याही पावतीपुस्तकात लिहिले गेले नाही. परंतु एका संपूर्ण देशातील ख्रिस्तसभेचा पुनर्जन्म त्या दानावर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फादर वाझ यांच्या दानधर्माचा विचार करताना आम्हांस हीच गोष्ट प्रथम आठवते. देणारा होण्यापूर्वी ते घेणारे झाले होते. बाहेर टाकलेल्या माणसाला कसे वाटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कँडीचा बंदिवान

बरे झाल्यावर त्यांनी जाफन्यात आणि सिल्लालै गावी गुप्तपणे कार्य सुरू केले. रात्रीच्या वेळी मिस्सा होई, पहाटेपूर्वी सारे आपापल्या घरी परतत. १६८९ च्या नाताळात डच अधिकाऱ्यांनी छापा घातला आणि अनेक कॅथोलिकांना पकडले. फादर वाझ निसटले. पुढे ते डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या राजाच्या अमलाखालील पुत्तलमला गेले आणि १६९२ मध्ये राजधानी कँडीस पोहोचले. तेथे ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची चुगली राजाकडे कोणी केली आणि त्यांना कैदेत टाकण्यात आले.

कैदेचा उपयोग त्यांनी सिंहली भाषा शिकण्यासाठी केला. पहारे सैल झाल्यावर त्यांनी तेथेच एक झोपडीवजा प्रार्थनागृह उभारले आणि कँडीतील भाविक हळूहळू त्यांच्याभोवती जमू लागले. पुढे देशात मोठे अवर्षण पडले असता राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या विनंतीवरून त्यांनी भरचौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी कथा श्रीलंकेतील ख्रिस्ती लोक आजही श्रद्धेने सांगतात. राजाने त्यांना मोकळीक दिली. त्यांच्या मदतीला गोव्याहून ओरेटरी संघाचे आणखी धर्मगुरू येऊ लागले.

देवीची साथ

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. आपल्या भाषेने या रोगाला देवीचे नाव दिले, यावरूनच लोकांना त्याची किती धास्ती होती हे कळते. या रोगावरील लस एडवर्ड जेन्नर यांनी शोधली ती १७९६ मध्ये, म्हणजे तब्बल ९९ वर्षांनंतर. तेव्हा उपचार नव्हता आणि संरक्षणही नव्हते. रोग दुष्ट शक्तीच्या कोपाने होतो, अशी लोकांची समजूत होती. घरात कोणाला फोड आले की त्याला उचलून रानात नेऊन ठेवीत आणि घरचे लोक पळून जात. राजा आणि सरदारही राजधानी सोडून गेले. मेलेल्यांना पुरावयास माणूस मिळेना.

फादर वाझ मात्र शहरातच राहिले. रानात टाकलेल्या रुग्णांसाठी त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह झोपड्या उभारल्या. ओस पडलेल्या घरांची त्यांनी इस्पितळे केली. दिवसातून दोन वेळा ते प्रत्येक रुग्णाकडे जात, त्याच्या जखमा धूत, त्याला अन्न भरवीत आणि मेलेल्यांना स्वतःच्या हातांनी मूठमाती देत. जे काम करणाऱ्याच्या सावलीलाही त्यांच्या जन्मजातीचा समाज उभा राहिला नसता, ते काम त्यांनी महिनोन् महिने केले. रुग्णांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते, बौद्ध होते. कोणाच्या गळ्यात जपमाळ आहे, हे या वेळी त्यांनी पाहिले नाही.

साथ ओसरल्यावर राजाने त्यांना आपल्या राज्यात मुक्तपणे संचार करण्याची आणि धर्मसेवा करण्याची मुभा दिली. वाद घालून किंवा सत्तेच्या बळावर जे साध्य झाले नसते, ते रुग्णसेवेने झाले. परंतु ही सेवा त्यांनी त्या मुभेसाठी केली नव्हती. साथीच्या वेळी आपण जिवंत राहू, याचीही त्यांना खात्री नव्हती. दहा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या झोपडीत त्यांना मिळालेली पेज त्यांनी आता रानातल्या झोपड्यांत परत केली, असे आम्हांस वाटते.

अखेरची वर्षे

पुढील काळात त्यांनी बेटभर पायी प्रवास केला. पोपच्या प्रतिनिधीने त्यांना बिशपपदाचा मान देऊ केला असता त्यांनी तो नम्रपणे नाकारला. १७०५ साली गोव्यातील दिवाडी बेटावरचे फादर जाकोमे गोन्साल्वीस त्यांच्या मदतीला आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत ख्रिस्ती साहित्याचा मोठा पाया घातला. प्रभूच्या दुःखसहनावर त्यांनी सिंहलीत रचलेल्या प्रवचनांतून श्रीलंकेत उपवासकाळात गायिल्या जाणाऱ्या गीतांची एक परंपरा निर्माण झाली. म्हणजे तेथील भाविकांच्या उपवासकाळाला आपल्या कोकण-गोव्याच्या मातीचा गंध आहे.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे, वयाच्या साठाव्या वर्षात, फादर वाझ देवाघरी गेले. चोवीस वर्षांपूर्वी त्या बेटावर पाऊल ठेवल्यापासून ते एकदाही गोव्यास परतले नव्हते. मृत्युशय्येवर त्यांनी आपल्या सोबत्यांना जे सांगितले, त्याचा आशय असा की आयुष्यभर जे करावयाचे टाळले, ते मरणाच्या घटकेला सहजासहजी करता येत नाही. त्यांच्या कबरीची नेमकी जागा काळाच्या ओघात विस्मृतीत गेली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात, समुद्रकिनाऱ्यावरील गॉल फेस मैदानावर, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. धर्म न पाहता गरजवंताची सेवा करण्याचा त्यांचा गुण पोपमहोदयांनी त्या वेळी विशेषत्वाने अधोरेखित केला. १६ जानेवारी हा त्यांचा सण होय.

आपल्या धर्मग्रामांसाठी

सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. तुलनेने आपण लहान आणि विखुरलेला समाज आहोत. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागांतील अनेक कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत. ज्या स्थलांतरितांच्या सेवेसाठी फादर वाझ कानडा मुलखात गेले, त्यांच्याच भावकीतले आपण आहोत. म्हणून त्यांचे चरित्र आपल्याला परके नाही.

उपवासकाळात आपण चर्चच्या पेटीत दान टाकतो. कॅरितास इंडिया ही भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेची सामाजिक संस्था १९६२ पासून कार्यरत आहे आणि उपवासकाळातील तिच्या मोहिमेद्वारे देशभरातील धर्मग्रामांचे दान गरजूंपर्यंत पोहोचते. हे दान आवश्यक आहे आणि ते अधिक उदारपणे दिले पाहिजे. शुक्रवारी वर्ज्य केलेल्या मांसाचे पैसे, टाळलेल्या समारंभाचा खर्च, सोडलेल्या व्यसनाची रक्कम वेगळी काढून ठेवणे, ही उत्तम सवय होय. अन्यथा उपवासातून झालेली बचत आपल्याच खिशात राहते आणि तो उपवास न राहता केवळ काटकसर ठरते.

तथापि पेटीत पैसे टाकून आपली जबाबदारी संपते काय, हा प्रश्न संत जोसेफ वाझ यांचे जीवन आपल्याला विचारते. २०२० साली कोरोनाच्या साथीत मुंबईहून कोकणात परतलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत अलग राहावे लागले. तो नियम सर्वांच्या संरक्षणासाठी होता. परंतु त्या दिवसांत शाळेच्या फाटकापर्यंत जेवणाचा डबा नेणारे लोक होते आणि आपल्याच भावाकडे पाठ फिरविणारेही होते. भीती कशी असते आणि ती माणसाला माणसापासून कशी तोडते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. १६९७ चे कँडी आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

साथ गेली, तरी गावाबाहेरच्या झोपड्या संपलेल्या नाहीत. मुले मुंबईत, गोव्यात किंवा आखातात आणि मोठ्या घरात एकटी राहिलेली म्हातारी आई, हे चित्र आपल्या प्रत्येक वाड्यात आहे. समुद्राने साथ न दिल्यामुळे कर्जात बुडालेला मच्छीमार आहे. दारूमुळे घरातून आणि समाजातून तुटलेला माणूस आहे. मासेमारीच्या होड्यांवर आणि आंब्याच्या बागांत परप्रांतांतून येऊन राबणारे, आपली भाषा न येणारे मजूर आहेत. यांतील अनेकांना पैशांपेक्षा दार ठोठावणारा माणूस हवा असतो. आजाऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा जाणे, एकाकी वृद्धाला रविवारच्या मिस्साला सोबत घेऊन येणे, दवाखान्यात कोणाबरोबर दिवसभर थांबणे, हेही दानच होय; आणि ते बहुधा पैशांच्या दानापेक्षा कठीण असते, कारण त्यात आपण स्वतःला देत असतो.

दान घेण्याविषयीही एक शब्द सांगणे आम्हांस उचित वाटते. आपल्यात अशी स्वाभिमानी कुटुंबे आहेत, जी अडचणीत असूनही कोणापुढे तोंड उघडत नाहीत. मदत घेणे म्हणजे कमीपणा, असे त्यांना वाटते. एका संताने परक्या स्त्रीच्या हातची पेज घेतली आणि त्यामुळे तो लहान झाला नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. आणि देणाऱ्यांनी ती पेज अशा रीतीने द्यावी की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. डाव्या हाताला उजव्या हाताचे कळू नये, अशी प्रभूची शिकवण आहे. त्यात देणाऱ्याच्या नम्रतेबरोबरच घेणाऱ्याच्या सन्मानाचीही काळजी आहे.

या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेवर चालताना पाचव्या स्थानी सिमोन प्रभूचा क्रूस उचलतो आणि सहाव्या स्थानी वेरोनिका त्याचा चेहरा पुसते, तेथे आपण क्षणभर थांबावे आणि आपल्या धर्मग्रामातील एका व्यक्तीचे नाव मनात आणावे. पुनरुत्थानाच्या सणापूर्वी त्या व्यक्तीच्या घरी एकदा तरी जाण्याचा निश्चय प्रत्येक कुटुंबाने करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. जे टाळले, ते अखेरच्या घटकेला सहज साधत नाही, हा संत जोसेफ वाझ यांचा शेवटचा बोध आहे. चाळीस दिवस हा तो टाळलेला मार्ग चालू लागण्यास पुरेसा अवधी आहे. संत जोसेफ वाझ आपल्या धर्मप्रांतासाठी, आपल्या आजाऱ्यांसाठी आणि आपल्यासाठी देवाजवळ विनंती करोत.